चार घाटांचा जमाखर्च

वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटर उंचीवर आहे आणि पाचगणी तिच्याही वर जवळपास पावणेसहाशे मीटर. पसरणीचा घाट सायकलने चढून गेलेला माणूस पाचगणीत पहिला चहा पितो तेव्हा आपण काहीतरी मिळवलं असं त्याला वाटतं आणि ते रास्तच असतं. फ्रान्सच्या आल्प्समध्ये बूर द्वाझां नावाचं एक छोटं गाव आहे. तेही जवळपास वाईच्याच उंचीवर. दर उन्हाळ्यात एका सकाळी तिथे काही हजार सायकलस्वार जमतात आणि दिवस मावळायच्या आत पसरणीचा घाट लागोपाठ नऊ वेळा चढावा इतका चढ चढतात.

या उपक्रमाचं नाव ‘ला मार्मोत’. मार्मोत म्हणजे आल्प्सच्या कुरणांत बिळं करून राहणारा, खारीच्या कुळातला केसाळ प्राणी. १९८२ पासून चालत आलेल्या या वाटेवर ग्लाँदाँ, तेलेग्राफ आणि गालिबिए या तीन खिंडी लागतात आणि शेवटी आल्प द्यूएझचा घाट. अंतर सुमारे १७५ किलोमीटर, एकूण चढ सुमारे ५,००० मीटर. स्पर्धेत नाव न नोंदवताही लोक एरवी हाच फेरा मारतात, कारण रस्ते सगळ्यांना खुले आहेत.

लांबून पाहणाऱ्याला हा मांड्यांच्या जोराचा खेळ वाटतो. पण नुसत्या जोरावर निघालेली माणसं तिसऱ्या घाटात रस्त्याच्या कडेला बसलेली दिसतात. असा दिवस पार पडतो तो जमाखर्च सांभाळला तर. वजन, हवा, पोट, थंडी आणि उतार या प्रत्येकाचा हिशेब वेगळा असतो. एका घाटावरची चूक दुसऱ्या घाटावर वसूल होते, म्हणून हा हिशेब घाटागणिक समजून घ्यावा लागतो.

ग्लाँदाँ : वजनाची किंमत

पहिला घाट ग्लाँदाँचा, माथा १,९२४ मीटर. चढ वीसेक किलोमीटरहून मोठा आहे आणि मध्येच एका घळीत रस्ता चक्क खाली उतरतो. घाम गाळून मिळवलेली उंची तिथे काही मिनिटांत हातची जाते आणि पुन्हा पहिल्यापासून कमवावी लागते.

समजा सायकलस्वार ७० किलोचा आहे. सायकल, पाण्याच्या बाटल्या आणि कपडे मिळून आणखी दहा किलो. हे ८० किलोचं ओझं आठ टक्क्यांच्या चढावर, म्हणजे दर शंभर मीटर रस्त्यामागे आठ मीटर वर, ताशी दहा किलोमीटरने न्यायचं तर पायांना सुमारे १९० वॉट शक्ती द्यावी लागते. त्यातले १७५ वॉट निव्वळ ओझं उचलण्यात जातात. हवेचा अडथळा जेमतेम पाच वॉटचा असतो आणि उरलेलं टायर खातात.

सपाट रस्त्यावर हाच माणूस ताशी तीस किलोमीटरने जात असेल तर त्याला दीडशेच्या थोडे वर वॉट लागतात आणि त्यातले १२० एकटी हवा घेते. म्हणजे सपाटीवर झगडा हवेशी आणि घाटात पृथ्वीशी. म्हणूनच सपाटीवरचे शर्यतपटू अंग चोरून हँडलवर वाकतात आणि घाटांतले शर्यतपटू अंगाने किडकिडीत असतात. एक किलो ओझं कमी झालं तर तेवढ्याच जोरात आल्प द्यूएझच्या घाटावर साधारण मिनिटभर वाचतं. ते किलो सायकलीतून कमी करायला खूप पैसा लागतो, पोटावरून कमी करायला फक्त संयम.

ग्लाँदाँच्या पायथ्याशी व्हेर्ने नावाचा एक जलाशय लागतो आणि माथ्याच्या अलीकडे दुसरा, ग्राँमेझोंचा. दोघांच्या पातळीत नऊशे मीटरहून अधिक फरक आहे. विजेला मागणी नसते तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवायचं आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करायची, असा हा १,८०० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प. आपल्याकडे अकोले तालुक्यातल्या घाटघरला २५० मेगावॉटचा प्रकल्प याच तत्त्वावर चालतो. उंचीवर नेलेलं वजन ही साठवलेली ऊर्जाच असते. पाणी ती बऱ्याच अंशी परत देतं. त्याच रस्त्याने वर गेलेला सायकलस्वारही माथ्यावर ऊर्जेचा साठा घेऊनच उभा असतो. त्याला तो परत मिळतो का, हे पुढच्या उतारावर कळतं.

मोरिएनचं खोरं : सोबतीचा नफा

आठ टक्क्यांच्या उतारावर पायडल न मारता सायकल सोडून दिली तर ती ताशी साठ किलोमीटरच्या आसपास स्थिरावते. त्यापुढे हवा तिला जाऊ देत नाही, कारण वेग दुप्पट झाला की हवेचा रेटा चौपट होतो. माथ्यावर साठलेली ऊर्जा अशी वाऱ्याला आणि ब्रेकला वाटून संपते.

वेळेचंही तसंच. वीस किलोमीटरचा घाट ताशी दहाने चढला तर दोन तास लागतात. तोच ताशी साठने उतरला तर वीस मिनिटं. सरासरी किती? घाईने उत्तर देणारा ३५ म्हणेल. पण चाळीस किलोमीटरला दोन तास वीस मिनिटं लागली आहेत, म्हणजे सरासरी जेमतेम १७. घाटात गेलेला वेळ उतारावर भरून निघत नाही, मग कितीही जीव धोक्यात घाला. मार्मोतच्या आयोजकांनी तर ग्लाँदाँच्या उताराचा वेळ मोजणंच बंद केलं. तिथे घाई करून कुणालाच काही मिळू नये, एवढ्यासाठी.

उतार संपतो मोरिएनच्या खोऱ्यात. इथे रस्ता बराचसा सपाट आहे आणि समोरून अनेकदा वारा असतो. हवेशी झगडा पुन्हा सुरू झाल्यामुळे इथे सोबत कामाला येते. पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतर ठेवून जाणाऱ्याची पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते. जाणकार सायकलस्वार खोऱ्यात एकटा पुढे पळत नाही. तो टोळीची वाट पाहतो, आपली पाळी आली की पुढे येऊन वारा झेलतो आणि मग मागे सरकून दम घेतो. घाटात ताशी दहाच्या वेगाला हा आडोसा निरुपयोगी ठरतो, तिथे ज्याचं त्याने उचलायचं. खोऱ्यात मात्र अनोळखी माणसं न बोलता एकमेकांचं ओझं वाटून घेतात. या दिवसातली ही गोष्ट मला सगळ्यात सुंदर वाटते.

तेलेग्राफ : पोटातली रोकड

सेंट मिशेल गावातून तेलेग्राफचा घाट सुरू होतो. बारा किलोमीटर, माथा १,५६६ मीटर. नावाचा उगम खरोखरच टेलिग्राफशी आहे. १८०७ च्या सुमारास इथे लाकडी हात हलवून डोंगरावरून डोंगरावर संदेश पाठवणारं, विजेच्या तारेच्याही आधीचं ठाणं होतं. घाट झाडीतला, बेताच्या चढाचा आहे आणि इथे बहुतेकांना बरं वाटू लागतं. नेमका हाच धोका असतो, कारण दिवसाचं दिवाळं बहुधा इथे निघतं आणि कळतं मात्र दोन तासांनी.

८० किलो ओझं ५,००० मीटर उचलायला सुमारे ३,९०० किलोज्यूल काम करावं लागतं. पण स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा चौथा हिस्सा, कधी त्याहूनही कमी, कामात उतरवतात. बाकीची उष्णता होते. घाटात १९० वॉट काढणाऱ्याच्या अंगातून त्याच वेळी सुमारे सहाशे वॉट उष्णता निघत असते, जुन्या पिवळ्या बल्बांच्या भाषेत ६० वॉटचे दहा बल्ब. म्हणून निव्वळ चढासाठीच सुमारे ३,९०० किलोकॅलरी लागतात आणि सपाट रस्ता धरून आकडा पाच हजारांच्या आसपास जातो. दोन दिवसांच्या जेवणाइतका.

शरीराकडे हा खर्च भागवायला दोन खाती आहेत. यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन ही खिशातली रोकड, हवी तेव्हा लगेच मिळणारी. पण ती सगळी मिळून दोन हजार किलोकॅलरींच्या आसपासच असते. चरबी म्हणजे मुदत ठेव. सडपातळ माणसाकडेही ती दहा-दहा घाट पुरेल एवढी असते, पण मोडायला वेळ लागतो. सावकाश चालवलं तर शरीर ठेवीतून बराच खर्च काढतं. जोर वाढवला, धाप लागू लागली, बोलताना वाक्य तुटू लागलं, की ते जवळपास सगळं रोकडीवर जगतं. म्हणून अनुभवी माणसं पहिल्या दोन घाटांत मुद्दाम मंद राहतात. शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढाच जोर लावायचा, हा त्यांचा साधा नियम. मागून आलेले पुढे जातात आणि ते जाऊ देतात.

रोकड संपली की जे होतं त्याला फ्रेंच सायकलस्वारांच्या बोलीत भुकेचाच शब्द आहे, फ्रँगाल. हातपाय थरथरतात, घाम थंड पडतो, डोकं चालेनासं होतं, पायडल फिरत नाही. तिथून परत येणं शक्य असतं, पण अर्धा-पाऊण तास जातो. त्यावर उपाय एकच, भूक लागायच्या आधी खायचं. साखरेचा एकच प्रकार असेल तर आतडं तासाला साधारण ६० ग्रॅम शोषतं. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन वेगळ्या वाटांनी रक्तात जात असल्याने दोन्ही मिळून घेतल्यास ९० ग्रॅमपर्यंत मजल जाते, अर्थात पोटाला आधी सवय लावलेली असेल तर. केळ्यात आणि खजुरात या दोन्ही साखरा असतात. आपल्या घाटांत खिशात चिक्की घेऊन निघणारा हाच नियम नकळत पाळत असतो. पाण्याचंही तसंच. घाटात वेग कमी, त्यामुळे वारा लागत नाही आणि घाम वाळत नाही, नुसता गळतो. तहानेची वाट न पाहता घोटघोट पाणी आणि त्यासोबत मीठ घेत राहावं लागतं.

गालिबिए : विरळ हवा

तेलेग्राफवरून थोडं उतरलं की व्हालवार गाव येतं. तिथून गालिबिए अठरा किलोमीटर. सुरुवातीला रुंद, उघडं खोरं आहे. रस्ता सपाट भासतो आणि सायकल का चालत नाही हे कळत नाही. प्लाँ लाशाच्या पुलानंतर रस्ता डोंगराच्या अंगावर चढतो आणि शेवटचे आठ किलोमीटर आठ टक्क्यांच्या घरातले आहेत. झाडं कधीच मागे पडलेली असतात. माथा २,६४२ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहून जवळपास हजार मीटर उंच.

इतक्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या तुलनेत पाऊणपटीहूनही थोडा कमी असतो. हवेतल्या प्राणवायूचं प्रमाण तेच, २१ टक्के, पण दाब उतरल्याने प्रत्येक श्वासात येणारा प्राणवायू कमी पडतो. चांगल्या कसलेल्या माणसाचीही कमाल ताकद इथे साधारण दहा ते पंधरा टक्क्यांनी घटते. पायथ्याशी सहज वाटणारा जोर इथे धाप लावतो. शहाणपण एवढंच की वेगाचा आकडा पाहायचा नाही, श्वासाचं ऐकायचं.

या विरळ हवेत शंभरेक वर्षांपूर्वी लोक कशावर बसून आले, ते आठवलं की हात आपोआप जोडले जातात. टूर द फ्रान्स शर्यत उंच डोंगरांत नेण्याची सुरुवात १९१० मध्ये पिरेनीज पर्वतात झाली. तुर्माले खिंडीची पाहणी करायला गेलेल्या आल्फोंस स्तेनेसची गाडी बर्फात अडली. त्याने रात्री चालत खिंड ओलांडली आणि तरी रस्ता उत्तम असल्याची तार संपादक-संयोजक आंरी देग्रांजला केली. त्या वर्षी लुशाँ ते बायोन हा ३२६ किलोमीटरचा टप्पा ऑक्ताव्ह लापीझने जिंकला, पण वाटेत संयोजकांना खुनी म्हणूनच. पुढच्याच वर्षी, १९११ मध्ये, शर्यत गालिबिएवर आली. तेव्हा रस्ता माथ्याखालच्या बोगद्यातून जाई. एमिल जोर्जे पहिला पोहोचला, पण अनेकांना उतरून सायकल ढकलावी लागली. माथ्याच्या दक्षिण बाजूला आज देग्रांजचं स्मारक आहे.

त्या सायकली जड होत्या, रस्ते मातीचे होते आणि आजच्यासारखे गिअर नव्हते. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना एकेक दातेरी चक्र असे. घाट आला की उतरायचं, चाक काढायचं, उलटं बसवायचं आणि पुन्हा निघायचं. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे गिअर उपलब्ध होते. सेंट एतिएनचा पॉल द व्हिव्ही ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने त्यांचा हिरिरीने पुरस्कार करत होता. पण देग्रांजला वाटे की गिअरमुळे माणसाचा कस लागत नाही. टूरमध्ये त्यांना १९३७ मध्ये परवानगी मिळाली.

गिअर ऊर्जा वाचवत नाहीत. उंचीची किंमत तीच राहते, हप्ता तेवढा लहान होतो. आजच्या सायकलीला पुढे ३४ दात आणि मागेही ३४ दात लावता येतात. पायडलच्या एका फेऱ्याला चाकाचा एक फेरा, म्हणजे सुमारे २.१ मीटर. ताशी दहाच्या वेगाला मिनिटाला ७९ फेरे पडतात. पाय हलके, लयीत फिरतात आणि स्नायू लवकर भरून येत नाहीत. मोठ्या गिअरमध्ये तेच काम ४५ फेऱ्यांत करावं लागलं तर प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर जवळपास पावणेदोनपट जोर येतो. पाचवा तास उलटल्यावर हा फरक फार मोठा होतो.

माथ्यावरून खाली

दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. पायथ्यापेक्षा माथा बारा अंशांनी गार, अंग घामाने भिजलेलं आणि समोर वाऱ्याच्या तोंडात पन्नास किलोमीटरचा उतार. पूर्वी शर्यतपटू माथ्यावरच्या प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेऊन छातीवर, जर्सीच्या आत सारत. कागदाच्या घड्यांत अडकलेली हवा थंडी रोखते. आता घडी करून खिशात मावणारी जाकिटं मिळतात, पण ती माथ्यावर थांबून घालावी लागतात. पाच मिनिटं वाचवणाऱ्याची बोटं खाली ब्रेकवर आखडतात.

गालिबिएवरून बूर द्वाझांपर्यंत सुमारे १,९२० मीटर उतरावं लागतं. ही सगळी ऊर्जा ब्रेकमध्येच जिरली असती तर जवळपास पाच लिटर पाणी उकळलं असतं. बरीचशी हवा घेते म्हणून बरं. सतत हलका ब्रेक धरून ठेवला की रिम किंवा डिस्क तापतच राहते. म्हणून सरळ रस्त्यावर सोडायचं, वळणाच्या आधी नीट दाबून वेग मारायचा आणि वळणात ब्रेक मोकळा ठेवायचा. बाहेरचा पाय खाली, त्यावर भार आणि नजर वळण जिथे सुटतं तिथे. सायकल डोळ्यांच्या मागे जाते, म्हणून खड्ड्याकडे टक लावली की चाक खड्ड्यातच जातं.

उताराने काय होतं ते युजेन क्रिस्तोफने १९१३ मध्ये सोसलं. तुर्मालेवरून उतरताना त्याच्या सायकलीचा पुढचा चिमटा तुटला. बाहेरची मदत घ्यायला मनाई होती. तो सायकल घेऊन कित्येक किलोमीटर चालत खालच्या गावी गेला, तिथल्या लोहाराच्या भट्टीत स्वतःच्या हाताने चिमटा जोडला आणि पुढे निघाला. भाता एका मुलाने हलवला म्हणून त्याला वर दंडही झाला.

खाली येताना लोतारेच्या खिंडीतून ला मेजचं हिमाच्छादित शिखर दिसतं. पुढे शाँबोच्या धरणाकाठचा बोगदा लागतो. २०१५ मध्ये डोंगर सरकल्याने हा बोगदा बंद झाला आणि त्या वर्षी टूरला गालिबिए सोडून द्यावा लागला. घाटरस्ता एकदा बांधला की झाला असं नसतं, हे पावसाळ्यात आपल्या घाटांतल्या दरडी पाहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

एकवीस वळणं

मग आल्प द्यूएझ. १३.८ किलोमीटर, सरासरी ८.१ टक्के, २१ वळणं आणि वेळ भर दुपारची, दरीत ऊन साठलेलं. वळणांना उलटे क्रमांक आहेत. तळाशी २१ आणि वर कमी होत जाणारे. प्रत्येक पाटीवर इथे जिंकलेल्यांची नावं आहेत. पहिल्याच वळणावर १९५२ मध्ये इथे प्रथम जिंकलेला फाउस्तो कोप्पी.

घाटाचा सगळ्यात तीव्र भाग अगदी सुरुवातीला आहे आणि सकाळपासूनची सगळी उधळपट्टी तिथे उघडी पडते. काही जण वळणावरच्या कठड्यावर टेकतात. ज्यांनी सकाळी स्वतःला आवरलं ते अजूनही ताशी आठ-दहाने, सारख्या लयीत चाललेले असतात. वळणांवर चढ क्षणभर सौम्य होतो. कडेच्या बाजूने मोठा वळसा घेतला तर आणखी सौम्य, आतून कापलं तर भिंत. म्हणून अशा वेळी माणसं घाट मोजत नाहीत, पुढचं एक वळण मोजतात.

असा दम महाराष्ट्रातल्या माणसांनीही दाखवला आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी ओलांडणारी शर्यत जोडीने पूर्ण केली. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. त्या वाटेवर रॉकी पर्वतातली वुल्फ क्रीक खिंड आहे, गालिबिएहूनही साडेसहाशे मीटरहून थोडी अधिक उंच.

आल्प द्यूएझच्या शेवटच्या रेषेवर, सुमारे १,८५० मीटरवर, दिवसाचा ताळेबंद मांडता येतो. सकाळी ७२० वर होतो, आता १,८५० वर. उचलले पाच हजार मीटर, हातात राहिले अकराशे तीस. बाकीचे वारा, ब्रेक आणि घाम घेऊन गेले. ग्राँमेझोंचं पाणी ऊर्जा धरून ठेवतं, माणसाचं शरीर धरून ठेवत नाही. पण ते एक वेगळी नोंद करतं. पुढच्या दिवसांत, पोटभर अन्न आणि झोप मिळाल्यावर, स्नायूंमध्ये ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका वाढतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं, हृदय एका ठोक्याला थोडं जास्त रक्त ढकलू लागतं. मेहनत पुन्हा पुन्हा झाली तरच ही नोंद टिकते. चार घाटांच्या दिवसाची तयारीही अशाच नोंदींनी होते, लहान घाटांत, आठवड्यामागून आठवडे.

म्हणून वाईहून पहाटे निघून पसरणीच्या पहिल्या वळणाला जो माणूस गिअर हलका करतो, शेजाऱ्याला पुढे जाऊ देतो आणि भूक नसतानाही खिशातली चिक्की काढतो, तो गालिबिएचाच हिशेब लिहीत असतो. त्याचं पान लहान आहे, एवढंच.